पाठीच्या कण्यातील दुर्मिळ अर्बुदे : पहिल्या शस्त्रक्रियेचे महत्त्व

पाठदुखी ही घरोघरी आढळणारी तक्रार आहे. शेतात दिवसभर वाकून खुरपणी करणारी स्त्री, गोदीत ओझी वाहणारा हमाल, कचेरीत आठ-आठ तास खुर्चीला खिळून राहणारा लिपिक, यांपैकी कोणीही तिच्यातून सुटलेला नाही. यांतील बहुसंख्य दुखण्यांचे मूळ स्नायूंत, अस्थिबंधांत किंवा दोन मणक्यांमधील चकतीत असते आणि विश्रांती, शेक व योग्य व्यायाम यांनी ती दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. त्यामुळे पाठ दुखू लागली की लेप लावावा, मालीश करून घ्यावे, पट्टा बांधावा आणि वाट पाहावी, अशी समाजाची रीत पडली आहे. शंभरातील बहुतेकांच्या बाबतीत ती चुकीचीही नाही. परंतु क्वचित एखाद्याच्या बाबतीत ती वेदना कण्यात वाढणाऱ्या अर्बुदाची, म्हणजे गाठीची, असते आणि तेथे मात्र वाट पाहण्याची किंमत फार मोठी पडते. त्याहूनही मोठी किंमत पडते ती घाईने व अपुऱ्या तयारीने केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेची. ही दुसरी गोष्ट सामान्य नागरिकांना फारशी ठाऊक नसते, म्हणून तिचा परामर्श येथे थोड्या विस्ताराने घेतला आहे.

मानवी कण्यात तेहतीस मणके असतात. मानेचे सात, पाठीचे बारा आणि कमरेचे पाच हे सुटे. त्याखालील पाच मणके एकजीव होऊन त्रिकास्थी बनते आणि अखेरचे चार मिळून माकडहाड होते. प्रत्येक मणका एखाद्या अंगठीसारखा असतो. या अंगठ्या एकावर एक रचल्या गेल्याने जी पोकळी तयार होते, तिच्यातून करंगळीएवढ्या जाडीचा मेरुरज्जू मेंदूपासून खाली उतरतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून पुढे केवळ मज्जातंतूंचा जुडगा खाली जातो. घोड्याच्या शेपटीशी असलेल्या साम्यामुळे त्याला अश्वपुच्छ असे नाव मिळाले आहे. हातापायांच्या हालचाली, स्पर्शाची जाणीव आणि मलमूत्रविसर्जनावरील ताबा हे सारे व्यवहार या अरुंद मार्गाने चालतात. पोटात नारळाएवढी गाठ वाढली तरी तिला काही काळ जागा मिळते. कण्याच्या नळीत बदामाएवढी गाठसुद्धा माणसाला अंथरुणाला खिळवू शकते.

कण्यात सापडणाऱ्या गाठींपैकी बऱ्याचशा गाठी मुळात कण्याच्या नसतात. स्तन, फुप्फुस, पुरःस्थ ग्रंथी अशा अवयवांतील कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे येऊन मणक्यात रुजतात. त्यांचा उपचार हा मूळ रोगाच्या उपचाराचाच भाग असतो. मणक्यातच किंवा मेरुरज्जूच्या परिसरातच जन्म घेणारी अर्बुदे ही तुलनेने दुर्मिळ असून या लेखाचा विषय तीच आहेत. त्यांतील काही निरुपद्रवी, काही मारक, तर काही या दोन्ही वर्गांच्या सीमेवरची. शल्यविशारदाची खरी कसोटी या तिसऱ्या प्रकारात लागते.

लंडनमधील १८८७ ची शस्त्रक्रिया

या क्षेत्रातील पहिले मोठे यश लंडनमध्ये मिळाले. बेचाळीस वर्षांच्या एका लष्करी अधिकाऱ्याला १८८४ पासून पाठीत, डाव्या खवाट्याखाली, तीव्र वेदना होत होती. अनेक वैद्यांचे उपचार झाले. कोणी हे मज्जातंतूचे दुखणे मानले, तर कोणी वेगळीच शंका घेतली. तीन वर्षांनी, म्हणजे १८८७ मध्ये, त्याच्या पायांतील बळ जाऊ लागले, लघवी अडू लागली आणि अखेर दोन्ही पाय लुळे पडले. त्या वेळी विल्यम गावर्स या मज्जाविकारतज्ज्ञाने त्याला तपासले. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप आठ वर्षे अवकाश होता. कण्याच्या आत डोकावण्याचे कोणतेही साधन नव्हते. शरीराच्या कोणत्या पट्ट्यापर्यंत स्पर्शज्ञान शाबूत आहे आणि कोठून ते नाहीसे झाले आहे, एवढ्याच आधारावर गावर्स यांनी गाठीचा अस्तित्वासह ठिकाणाचाही अंदाज बांधला.

दिनांक ९ जून १८८७ रोजी व्हिक्टर हॉर्सली या अवघ्या तीस वर्षांच्या शल्यविशारदाने पाठ उघडली. अपेक्षित जागी गाठ दिसली नाही. तेथेच थांबून जखम शिवून टाकणे सोपे होते आणि त्याबद्दल कोणी बोल लावला नसता. हॉर्सली यांनी आणखी वरचा भाग उघडला, तेव्हा मेरुरज्जूला एका बाजूने दाबणारी, बदामाच्या आकाराची गाठ आढळली. ती सुट्टी होऊन निघाली. रुग्णाला हळूहळू पायांवर उभे राहता येऊ लागले आणि वर्षभरात तो दिवसाचे सोळा तास काम करू लागला. गावर्स व हॉर्सली यांनी १८८८ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा मेरुरज्जूवरील गाठ काढून रुग्ण पूर्ववत चालू शकतो, ही गोष्ट वैद्यकविश्वाला प्रथमच पटली.

या घटनेतील एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. वेदना सुरू झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तीन वर्षे गेली होती. रुग्णाचे दैव बलवत्तर म्हणून गाठ मेरुरज्जूच्या बाहेरची व सुट्टी होण्याजोगी निघाली. आज एम.आर.आय. या चुंबकीय प्रतिमातंत्राने अशी गाठ अर्ध्या-पाऊण तासात स्पष्ट दिसते. तरीही काही दुर्मिळ अर्बुदांच्या बाबतीत पहिल्या वेदनेपासून निदानापर्यंत अनेक महिने, प्रसंगी वर्षे लोटतात. यंत्र सुधारले, यंत्रापर्यंत पोहोचण्याचा विलंब मात्र तसाच राहिला.

कॉर्डोमा : गर्भावस्थेचा अवशेष

या विलंबाचे उत्तम उदाहरण म्हणजे कॉर्डोमा नावाचे अर्बुद. गर्भावस्थेच्या प्रारंभी, कणा तयार होण्यापूर्वी, गर्भाच्या पाठीत पृष्ठरज्जू नावाची एक मऊ दोरी असते. तिच्याभोवती मणके घडतात आणि काम संपताच ती विरून जाते. मात्र कवटीच्या तळाशी आणि त्रिकास्थीत तिच्या काही पेशी मागे राहतात. फार थोड्या माणसांत या पेशी उत्तरायुष्यात पुन्हा वाढू लागतात. रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये या ऊतकाचे वर्णन केले. फुग्यांसारख्या पोकळ्या असलेल्या त्यातील पेशी पाहून ते कूर्चेचे असावे, असा त्यांचा समज झाला. पुढच्याच वर्षी हाइनरिख म्यूलर यांनी त्याचा संबंध पृष्ठरज्जूशी जोडला आणि १८९० च्या दशकात रिबर्ट यांनी कॉर्डोमा हे नाव रूढ केले. या मताला जनुकीय पाठबळ मिळण्यास मात्र २००६ साल उजाडावे लागले. पृष्ठरज्जूच्या घडणीस आवश्यक असणारे ब्रॅक्युरी नावाचे प्रथिन या गाठीच्या पेशींत आढळते, हे त्या वर्षी दाखविण्यात आले. आज तीच तिची ओळखखूण मानली जाते.

अमेरिकेतील कर्करोग नोंदणीत १९७३ ते १९९५ या काळात अशा ४०० रुग्णांची नोंद झाली. त्यावरून हे प्रमाण वर्षाला दर दहा लाख लोकांमागे एकाहूनही कमी, म्हणजे ०.८ इतके निघाले. हाच हिशेब २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येला लावला, तर वर्षाला नव्वदच्या आसपास रुग्ण होतात. कॉर्डोमा हा मुख्यतः चाळिशी-पन्नाशीनंतरचा रोग आणि आपली लोकसंख्या तुलनेने तरुण. म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमीच असावा. तात्पर्य, तालुक्याच्या गावी तीस वर्षे व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांच्या पाहण्यात असा एकही रुग्ण न येणे अगदी संभवनीय आहे. न पाहिलेल्या रोगाची शंका पटकन मनात येत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

त्रिकास्थीतील कॉर्डोमा अतिशय संथपणे वाढतो. बसल्यावर दुखणे, आडवे पडल्यावरही वेदना न थांबणे, काही महिन्यांनी बद्धकोष्ठ, मग लघवीला वेळ लागणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे असा त्याचा क्रम असतो. साध्या क्ष-किरण चित्रात आतड्यांतील वायूच्या सावलीमुळे त्रिकास्थीतील दोष लपून जातो. रुग्णावर मूळव्याधीचे, सायटिकाचे किंवा माकडहाडाच्या दुखण्याचे उपचार चालू राहतात. खरे पाहता गुदमार्गात बोट घालून केलेल्या साध्या तपासणीत यांतील कितीतरी गाठी हाताला लागतात. ही तपासणी संकोचामुळे टाळली जाते. रुग्णही टाळतो आणि कधी कधी तपासणाराही.

क्षय की अर्बुद?

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेला कण्याचा क्षयरोग युरोपात आता विरळा झाला असला, तरी भारतात तो नेहमीच्या रोगांपैकी आहे. पाठदुखी, मणक्याची झीज आणि पायांतील दुबळेपणा ही लक्षणे दोन्हींकडे समान असल्याने संशयाचा काटा साहजिकच क्षयाकडे झुकतो आणि बहुतेक वेळा तो अंदाज खराही ठरतो. क्षयात बहुधा दोन शेजारचे मणके व त्यांमधील चकती मिळून खराब होतात, तर अर्बुदात मणका ढासळला तरी चकती बहुधा शाबूत राहते. परंतु या नियमाला अपवाद आहेत. म्हणून केवळ चित्रावर विसंबून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे देणे आणि तरीही दुखणे वाढत असताना तीच पुढे चालू ठेवणे, हे धोक्याचे होय. गाठीचा कण सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, म्हणजेच बायोप्सी करणे, हाच निर्णायक मार्ग आहे.

बायोप्सीविषयी समाजात मोठे भय आहे. ‘सुई लावली की गाठ चिघळते’ हे वाक्य खेड्यापाड्यांतच नव्हे, तर शहरांतील सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. या समजुतीत अत्यल्प सत्यांश आणि पुष्कळ गैरसमज आहे. सुईच्या मार्गात गाठीच्या पेशी सांडू शकतात, एवढे खरे. म्हणूनच सुई कोठून घालावी हे पुढची शस्त्रक्रिया जो करणार आहे, त्या शल्यविशारदाने ठरवावे लागते. त्रिकास्थीच्या गाठीसाठी ती पाठीमागून, मधल्या रेषेवर घालतात, जेणेकरून पुढे तो सगळा मार्ग गाठीबरोबरच कापून काढता येईल. गुदमार्गातून मात्र ती कधीही घालू नये. कारण मग निरोगी गुदाशयही काढून टाकण्याची वेळ येऊ शकते. दोष सुईचा नसतो, तर ती विचार न करता घालण्याचा असतो.

अखंड काढण्याचे तत्त्व

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गाठ आहे, निदान झाले आहे, मग ती काढावी कशी? पूर्वीची पद्धत म्हणजे गाठ उघडून आतला मऊ भाग खरवडून काढणे. रुग्णाला तात्पुरता आराम पडे, जखम भरे आणि काही वर्षांनी गाठ पुन्हा उभी राही. कॉर्डोमाचा गर जेलीसारखा बुळबुळीत असतो. त्याचा एखादा थेंब जखमेत राहिला, तरी त्यातून नवी वाढ होऊ शकते. दुसऱ्या खेपेस व्रणांमुळे थरांची ओळख पटत नाही आणि रोग पसरलेला असतो. पूर्ण बरे करण्याची खरी संधी पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी असते आणि ती बहुधा एकदाच मिळते. ‘आधी थोडी काढून पाहू, उरली तर पुढे बघू’ हा विचार इतर अनेक रोगांत व्यवहार्य असेल. येथे तो घातक ठरतो. नेहमीच्या केमोथेरपीचा या गाठीवर फारसा परिणाम होत नाही, ही बाबही ध्यानात घेतली पाहिजे.

म्हणून गाठ न फोडता, तिच्याभोवती निरोगी ऊतकाचे वेष्टन ठेवून ती अखंड काढावी, हे तत्त्व पुढे आले. हातापायाच्या हाडात हे सोपे आहे. कण्यात मात्र मोठी अडचण येते. मणका ही अंगठी आणि मेरुरज्जू तिच्यातून ओवलेली दोरी. दोरी न तोडता अंगठी काढायची, तर अंगठी कोठेतरी कापावीच लागते आणि नेमक्या त्या जागी गाठ असता कामा नये. स्वीडनमधील गोथेनबर्गचे शल्यविशारद बर्टिल स्टेनर यांनी संपूर्ण मणका काढण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. जपानमधील कानाझावा येथील कात्सुरो तोमिता यांनी १९९० च्या दशकात या कामी अतिशय बारीक पोलादी तारेची करवत वापरात आणली. मणक्याच्या मागील कमानीचे दोन्ही खांब या तारेने कापले, की कमान एका तुकड्यात निघते. मग मणक्याचा पुढचा घनभाग मेरुरज्जूच्या बाजूने हलकेच फिरवून दुसऱ्या तुकड्यात बाहेर काढतात. रिकाम्या जागी टायटॅनियमचा पिंजरा बसवून वरखालच्या मणक्यांना सळया व स्क्रू यांनी जखडतात. कोणत्या रुग्णात हे शक्य आहे, हे ठरविण्यासाठी १९९७ मध्ये वाइनस्टाइन, बोरियानी व बियाजिनी यांनी एक पद्धत मांडली. मणक्याचा आडवा छेद घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बारा भागांत व आतून बाहेर पाच थरांत वाटून गाठ कोणत्या भागांत आहे ते नोंदवायचे. मग अंगठी कोठे कापता येईल, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कागदावरच समजते. वरवर पाहता ही निव्वळ आकडेमोड वाटेल. परंतु सुरी हाती घेण्याआधी विचार पूर्ण करण्याची शिस्त तिने लावली.

काढलेल्या मणक्याच्या जागी काय बसवावे, याबाबतही नवे प्रयोग झाले आहेत. २०१४ मध्ये बीजिंग येथे बारा वर्षांच्या एका मुलाच्या मानेतील दुसरा मणका मारक अर्बुदामुळे काढावा लागला. त्याच्या मापाचा, संगणकाच्या साहाय्याने थरावर थर चढवून घडविलेला टायटॅनियमचा मणका तेथे बसविण्यात आला.

त्रिकास्थीची शस्त्रक्रिया

त्रिकास्थीतील कॉर्डोमासाठी त्रिकास्थीचा खालचा भाग गाठीसह काढून टाकतात. या शस्त्रक्रियेचा पाया स्टेनर आणि गुंटरबर्ग यांनी घातला. त्यांचा १९७८ मधील प्रबंध आजही प्रमाण मानला जातो. त्रिकास्थी बरीच वरपर्यंत कापली, तर उरलेले हाड माणसाचे वजन पेलील काय, हा पहिला प्रश्न होता. मृतदेहांच्या श्रोणींवर वजन टाकून केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की पहिल्या त्रिक-मणक्याचा वरचा सुमारे निम्मा भाग राखला तरी ताकद अर्ध्यावर येते, पण उभे राहण्यास ती पुरते. त्याहूनही वर जावे लागले, तर कमरेचा कणा व श्रोणी यांना सळयांनी सांधावे लागते.

गाठ खालच्या बाजूस असेल, तर पाठीमागूनच काम भागते. ती उंच असेल, तर प्रथम पोट उघडून गुदाशय व मोठ्या रक्तवाहिन्या गाठीपासून अलग कराव्या लागतात आणि मग रुग्णाला पालथा करून बायोप्सीच्या व्रणासह छेद घेतात. नितंबाचे स्नायू व बळकट अस्थिबंध सोडवून, राखावयाचे मज्जातंतू एकेक करून ओळखून बाजूस घेतात आणि मग हाड छिनतात. हे काम आठ-दहा तास किंवा त्याहूनही अधिक चालते, कित्येक लिटर रक्त जाऊ शकते. एका शल्यविशारदाचे हे काम नव्हे. मज्जाशल्यज्ञ, अस्थिशल्यज्ञ, पोटाचे शल्यज्ञ, सुघटनशल्यज्ञ, भूलतज्ज्ञ आणि सुसज्ज रक्तपेढी एका छपराखाली असल्याखेरीज यास हात घालू नये. शेवटी राहणारी पोकळी नितंबाच्या किंवा पोटाच्या स्नायूचा पडदा फिरवून भरावी लागते. ही जागा गुदद्वाराच्या निकट असल्याने जखम दूषित होण्याचे प्रमाण मोठे आहे. कित्येक रुग्णांना आठवडेच्या आठवडे पालथे किंवा कुशीवर झोपून काढावे लागतात.

रुग्ण व कुटुंबीय यांच्या दृष्टीने सर्वांत कठीण भाग यापुढे आहे. त्रिकास्थीतून निघणारे दुसरे, तिसरे व चौथे मज्जातंतू मूत्राशय, गुदद्वार व लैंगिक कार्य यांचे नियंत्रण करतात. तिसऱ्या जोडीपैकी निदान एका बाजूचा तंतू राखता आला, तर बहुतेक रुग्णांचा ताबा जवळजवळ पूर्ववत राहतो. दुसरी जोडीही गमावली, तर तो कायमचा जातो. पहिली जोडी गेल्यास पावलाचा रेटा कमी होतो. गाठ या तंतूंना वेढून असेल, तर ते तिच्यासह कापावे लागतात. तंतू वाचविण्यासाठी गाठीत शिरावे, तर रोग मागे राहतो. ‘गाठ पूर्ण निघेल का?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. परंतु ‘त्यासाठी काय गमवावे लागेल?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वी, शांतपणे, त्याच्या मातृभाषेत मिळाले पाहिजे. संमतिपत्रावर अंगठा किंवा सही घेणे म्हणजे संमती मिळविणे नव्हे. पन्नाशीतील एखादा शेतकरी आयुष्य राखण्यासाठी हा सौदा स्वीकारील, तर ऐंशीच्या घरातील वृद्ध तो नाकारील. दोघांचेही म्हणणे योग्य असू शकते.

ताबा गेलेल्या रुग्णाचे आयुष्य संपते, असे मात्र मुळीच नाही. अमेरिकेतील जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की रुग्णाने दिवसातून ठराविक वेळा, स्वच्छ हातांनी, स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे केले, तर मूत्रपिंडे सुरक्षित राहतात व कायमची पिशवी बाळगावी लागत नाही. ही कृती थोड्या सरावाने शिकता येते. ठराविक वेळी शौचास जाण्याची सवयही लावता येते. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी हे शिकविले जाते की नाही, यावर त्या कुटुंबाचे पुढील दिवस कसे जातील, हे पुष्कळसे अवलंबून असते.

मेरुरज्जूच्या गाभ्यातील गाठी

मेरुरज्जूच्या आतच वाढणाऱ्या गाठींचा प्रश्न निराळा आहे. तेथे अखंड वेष्टनासह गाठ काढणे अशक्यच, कारण वेष्टन म्हणजे खुद्द मेरुरज्जू. व्हिएन्नातील आयझेल्सबर्ग यांनी १९०७ मध्ये अशी गाठ यशस्वीपणे काढली. न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९११ मध्ये मांडलेली युक्ती तर विलक्षण होती. मेरुरज्जूला मधोमध बारीक छेद देऊन ते तेथेच थांबत. आतील दाबामुळे गाठ आपोआप बाहेर सरकू लागे आणि साधारण आठवड्याने दुसऱ्या शस्त्रक्रियेत ती अलगद उचलून घेता येई. आता सूक्ष्मदर्शक, रक्तवाहिनी जागच्या जागी बंद करणारे विद्युत-चिमटे आणि गाठीचा चुरा करून शोषून घेणारे स्वनातीत लहरींचे उपकरण यांमुळे हे काम एकाच बैठकीत होते. शस्त्रक्रिया चालू असताना हातापायांतून मेंदूकडे व मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे विद्युत्संदेश सतत मोजले जातात. ते क्षीण होऊ लागताच शल्यविशारद हात आखडता घेतो. एपेंडिमोमा या प्रकाराला मेरुरज्जूपासून वेगळी सीमा असल्याने तो बहुधा पूर्ण काढता येतो. ॲस्ट्रोसायटोमा मात्र दुधात साखर विरघळावी तसा मिसळलेला असतो. तेथे बायोप्सी घेऊन किंवा थोडा भाग काढून थांबणे हेच शहाणपण.

किशोरवयीन मुलांत रात्री ठणकणारी व साध्या वेदनाशामकाने चटकन थांबणारी पाठदुखी असेल आणि कणा एका बाजूस वाकू लागला असेल, तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही लहानशी निरुपद्रवी गाठ संभवते. तिच्यासाठी आता पुष्कळदा सुरीचीही गरज लागत नाही; सुईच्या टोकाने उष्णता देऊन ती नष्ट करतात.

शस्त्रक्रियेनंतर आणि शस्त्रक्रियेऐवजी

सर्वच गाठी काढण्याजोग्या नसतात. काढल्यानंतरही कडेला रोग उरल्याची शंका असेल, तर किरणोपचार द्यावे लागतात. कॉर्डोमाला त्याची मात्रा फार मोठी लागते आणि एवढी मात्रा मेरुरज्जू व आतडी यांना सोसत नाही. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना वाटेत सर्वत्र ऊर्जा सोडत जातात. प्रोटॉनचा झोत मात्र आपली बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या अखेरीस, ठरविलेल्या खोलीवर सोडतो व त्यापुढे जवळजवळ काही उरत नाही. या गुणाचा उपयोग कर्करोगावर करता येईल, ही कल्पना रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये मांडली आणि १९७० च्या दशकात बोस्टनमध्ये कॉर्डोमाच्या रुग्णांवर तिचा अवलंब झाला. जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून कार्बनच्या जड कणांचा वापर सुरू झाला. जेथे शस्त्रक्रिया अशक्य होती, अशा त्रिकास्थीच्या रुग्णांतही त्याने रोग दीर्घकाळ आटोक्यात राहिल्याचे आढळले. भारतात चेन्नई येथे २०१९ मध्ये प्रोटॉन उपचार उपलब्ध झाले आणि नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या आवारात २०२३ मध्ये ही सोय सुरू झाली. त्यामुळे यासाठी परदेशाची वाट धरण्याचे कारण राज्यातील रुग्णांना उरलेले नाही.

मज्जाशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग भारतात प्रथम वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये सुरू केला. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी १९५० च्या दशकात या शाखेची उभारणी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय अस्थी-अर्बुदांच्या उपचाराचे देशातील प्रमुख केंद्र आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एम.आर.आय. होऊन गाठ दिसली, म्हणजे तेथेच शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये. पाय लुळे पडू लागले असतील किंवा लघवी अडली असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब लावू नये. अशा वेळी दाब कमी करणे हे तातडीचे काम ठरते व ते जेथे होईल तेथे करावे लागते. एरवी संथ वाढणाऱ्या गाठीसाठी मोठ्या केंद्रात जाण्यात दोन-तीन आठवडे गेले, तरी नुकसान होत नाही. चुकीच्या हातांनी फोडलेली गाठ मात्र पूर्ववत करता येत नाही.

खर्चाचा प्रश्न साहजिकच उभा राहतो. राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावे सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या योजनेत मज्जासंस्थेच्या व कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयात शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन तेथील आरोग्यमित्राची भेट घ्यावी. आपला उपचार योजनेत बसतो किंवा नाही, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. सर्व क्ष-किरण चित्रे, एम.आर.आय.च्या तबकड्या आणि बायोप्सीच्या काचपट्ट्या मूळ स्वरूपात जवळ ठेवाव्यात. केवळ छापील अहवाल पुरत नाही, कारण मोठ्या केंद्रातील विकृतितज्ज्ञ त्या काचपट्ट्या स्वतः पुन्हा तपासतात आणि दुर्मिळ गाठींच्या बाबतीत अशा फेरतपासणीत निदान बदलल्याची उदाहरणे आहेत.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, की रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुढील तपासण्यांना येईनासा होतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. कॉर्डोमाच्या बाबतीत पाच वर्षे निर्वेध गेली म्हणजे धोका टळला, असे म्हणता येत नाही. दहा वर्षांनंतरही गाठ त्याच जागी, तर कधी फुप्फुसात उद्भवल्याचे आढळते. अमेरिकेतील वर उल्लेखिलेल्या नोंदीत पाच वर्षांनंतर सुमारे ६८ टक्के, तर दहा वर्षांनंतर सुमारे ४० टक्के रुग्ण हयात होते. म्हणून पहिली काही वर्षे दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा एम.आर.आय. करून घेण्यास सांगितले जाते आणि ही तपासणी आपले काही दुखत नसले तरी करावयाची असते.